टुण्याची तपासणी

ज्या वस्तूचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत, तिला माणसाच्या घरात स्थान नाही, असं खुर्च्यांच्या कारखान्यातल्या तपासनिसाचं ठाम मत होतं. बावीस वर्षं तो हे मत बाळगून होता आणि ऐकणारा सापडला की सांगतही होता. हल्लीच त्यानं ते पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा तो स्वयंपाकघरात उकिडवा बसला होता. हातात बायकोचा भुवया कोरायचा चिमटा होता, चिमट्यात एक वळवळणारी अळी होती, आणि समोरच्या बेडकाला तो दात-ओठ खात म्हणत होता, "आ कर. कर ना रे आ!"

बेडूक सासूबाईंचा होता. गच्चीवरच्या जुन्या टबात कुणा बेडकीनं अंडी घातली, त्यांतून सतरा पिल्लं निघाली, सोळांना यथाकाल पाय फुटले आणि ती टबाच्या काठावरून उड्या मारून आपापल्या मार्गाला लागली. सतरावं राहिलं. त्याचा मागचा डावा पाय फुटतानाच अर्ध्या बोटानं आखूड आणि आत मुडपलेला होता. त्याची उडी मोठ्या थाटात सरळ निघायची आणि हवेतच डावीकडे वळून, जिथून निघाली तिथेच येऊन संपायची. माशीवर झेप घेतली की तो बरोबर माशीकडे पाठ करून उतरायचा. सासूबाईंनी त्याला खाली आणलं, टुण्या म्हणायला सुरुवात केली आणि हातानं भरवून वाढवलं.

तपासनिसानं पहिल्याच दिवशी टुण्याच्या पाठीवर तर्जनी टेकवून पाहिलं आणि निकाल दिला, "डुगडुगतोय. असला माल मी गेटबाहेर जाऊ देत नाही."

"माल तुमच्या कारखान्यात. हे लेकरू आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुमचाही डावा खांदा खाली आहे, जावईबापू. लग्नाच्या फोटोत दिसला होता मला. आम्ही पाठवलं का परत?"

तपासनिसानं आरशात जाऊन पाहिलं. खांदा खाली होता. त्या दिवसापासून टुण्याविषयी तो घरात काही बोलला नाही, पण आतून खदखदत राहिला.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि सहा महिने त्या 'टुण्याकडे कोण बघणार?' या एकाच कारणावर तारीख पुढे ढकलत होत्या. आता उजव्या डोळ्यानं दिसेनासंच झालं. साखरेच्या त्रासामुळे डॉक्टर त्यांना दोन दिवस ठेवून घेणार होते. सोबत लेक जाणार, म्हणजे टुण्या जावयाच्या गळ्यात.

"दहा, एक आणि चार," सासूबाईंनी बजावलं. "प्रत्येक वेळी तीन अळ्या. त्याच्या डाव्या अंगाला धरायची. उजवीकडे धरलीत तर ते उपाशी राहील आणि तुम्ही म्हणाल, त्याला भूकच नाही."

"आई, मी बावीस वर्षं जबाबदारीची कामं—"

"खुर्च्या जेवत नाहीत, जावईबापू. परवा संध्याकाळी सहाला मी घरी येणार. आल्याबरोबर टुण्या माझ्या हातात पाहिजे. आणि त्याला काही झालं ना, तर दुसऱ्या डोळ्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. तुमच्याच्यानं होणार नसेल तर आत्ताच सांगा."

बायकोनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो म्हणाला, "होईल."

पहिला दिवस रजेवर निभावला. दुसऱ्या दिवशी रजा मिळेना. एका सभागृहासाठी दोनशे बारा खुर्च्या त्याच संध्याकाळी रवाना व्हायच्या होत्या आणि तपासनिसाच्या सहीशिवाय कारखान्यातून स्टूलसुद्धा बाहेर पडत नसे. शेजारणीला विचारलं तर ती "बाई गं!" म्हणून दार लावून आत गेली. शेवटी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला कापूस घालून तपासनिसानं टुण्याला कामावर नेलं. वाटेत सबंध वेळ त्याच्या मनात एकच विचार होता, की बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाच्या मांडीवर काय असावं आणि काय आहे!

कारखान्यातली त्याची पद्धत साऱ्यांना पाठ होती. पाणसळ लावून तंतोतंत सपाट बसवलेली एक घोटीव फरशी. तिच्यावर खुर्ची ठेवायची, बैठकीच्या चारही कोपऱ्यांवर तर्जनीनं दाब द्यायचा. खुर्ची जराशी जरी डुगडुगली तरी तिच्यावर लाल खडूची फुली. फुली मारलेल्या वस्तूला कारखान्यात कुणी हात लावत नसे. पाठीमागे त्याला 'डुगडुगेसाहेब' म्हणत, पण फुलीला मान होता. म्हणूनच दहाच्या अळ्या देऊन झाल्यावर, कुणी डबा उघडू नये एवढ्याच शुद्ध हेतूनं, तपासनिसानं झाकणावर एक ठसठशीत लाल फुली मारली.

फुलीच्या वस्तूला हात लावणारा कारखान्यात एकच माणूस होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. तो दुरुस्ती विभागाचा मिस्त्री. फुली दिसेल ती वस्तू उचलायची, आखूड पाय शोधायचा आणि त्याला रबराचा बूट घालायचा, हेच त्याचं काम.

एक वाजायला आला तसा बायकोचा फोन आला म्हणून तपासनीस बाहेर गेला. "अहो, आईला पाचला सोडतायत. टुण्या कसा आहे विचारतेय," बायको म्हणाली. "उत्तम आहे," असं सांगून तो परतला तर टेबलावर डबा नाही.

दुरुस्ती विभागात मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून, केलेल्या कामाकडे लांबून बघत होता. बाकावर टुण्या बसला होता. त्याच्या आखूड पायात सायकलच्या व्हॉल्व्हची काळी रबरी नळी होती, नीट मापात कापलेली.

"हे काय केलंत तुम्ही?" तपासनीस ओरडला.

"बूट घातला, साहेब."

"बूट? बेडकाला?"

"लाल फुली होती डब्यावर."

"फुली होती म्हणून काय झालं? आत बेडूक आहे हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "मी म्हटलं, साहेबांची फुली आहे म्हणजे पाय आखूड असणार. बघितलं, तर आखूडच निघाला. अठरा वर्षांत तुमची एक फुली चुकीची नाही निघाली, साहेब. आता दाबून तरी बघा."

तपासनीस संतापला होता. पण बोट आपोआप पुढे गेलं आणि टुण्याच्या पाठीवर टेकलं. इकडून दाबलं, तिकडून दाबलं. टुण्या तसूभरही डुगडुगला नाही. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर, उत्तम काम पाहिल्यावर येते ती तृप्ती आली. ती आल्याचाही त्याला रागच आला.

"काढा ते आधी!" तो म्हणाला.

तेवढ्यात टुण्यानं उडी मारली. आयुष्यभराच्या सवयीनं त्यानं ती सर्व ताकदीनिशी मारली, आणि ती वळलीच नाही. टुण्या सरळ गेला. बाकावरून खिडकीच्या कठड्यावर, तिथून पलीकडच्या गोदामात, आणि माणसं बघेपर्यंत, नुकत्याच पॉलिश होऊन तपासणीसाठी रचून ठेवलेल्या दोनशे बारा खुर्च्यांच्या ढिगाखाली.

"काम कसं झालंय बघा," मिस्त्री म्हणाला.

पुढचे चार तास त्या कारखान्यात जे चाललं होतं त्याला काम म्हणता येणार नाही. खुर्च्या एकेक करून उतरवायच्या, खाली वाकून टॉर्च मारायचा, खुर्ची दुसरीकडे रचायची. टुण्या सरळ उड्या मारायला शिकला असल्यामुळे, ढीग जिकडे हलेल तिकडे तोही हलत असावा. रंगारी आले, पॉलिशवाल्या बायका आल्या, रखवालदार गेट सोडून आला.

"नाव काय म्हणालात त्याचं?"

"नावाशी तुम्हाला काय करायचंय? शोधा!"

"हाक मारायला हवं ना, साहेब."

मग गोदामभर "टुण्या, ए टुण्या" असा गजर सुरू झाला. एका पॉलिशवालीनं डोकं चालवलं. हात धुवायच्या जागेमागे कायम ओल असते, तिथे बेडूक असतातच. तिनं एक पकडून आणला. तपासनिसानं तो फरशीवर ठेवला, तर्जनी टेकवली आणि म्हणाला, "डुगडुगत नाही. रिजेक्ट."

मग साऱ्यांनाच हुरूप आला. बेडकांवर बेडूक येऊ लागले. हिरवे, मातकट, एक तर मुठीएवढा. फरशीपुढे रांग लागली. चारही पाय धड असलेला एकेक बेडूक डुगडुगेसाहेब दाबून पाहत होते आणि चिडून परत करत होते.

"अरे, धड माल आणताय कशाला माझ्याकडे?" अकराव्या बेडकाच्या वेळी ते ओरडले.

साडेचारला ट्रक आला. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, मग खाली उतरून वाजवायला क्लिनर बसवला. हॉर्न ऐकून मॅनेजर धावत आले.

"खुर्च्या तपासून झाल्या?"

"एकही नाही."

"मग दुपारपासून करताय काय?"

उत्तर फरशीवर बसलं होतं. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर मॅनेजरांनी व्यवहारी माणसासारखा चेहरा केला. "सासूबाईंच्या डोळ्याला पट्टी असणार ना?"

"असणार."

"दुसऱ्या डोळ्यालाही नीट दिसत नाही?"

"नाही."

"मग हा घेऊन जा." त्यांनी चौदावा बेडूक पुढे केला. "चारही पाय ठणठणीत आहेत. त्यापेक्षा चांगलाच देतोय तुम्हाला."

तपासनीस ताठ उभा राहिला. जितका ताठ खांदा होऊ देईल तितका.

"साहेब, गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून दुसराच माल गळ्यात मारायचा? या कारखान्यात? माझ्या हातून? त्या बाईनं त्याला सात महिने एकेक अळी भरवलीय. तिला पायाच्या मापासकट तोच पाहिजे. चांगला नकोय तिला!"

बोलून झाल्यावर त्यानं चौदावा बेडूक मॅनेजरांकडे परत सारला. मिस्त्रीनं चष्मा पुसला.

"बरं बरं," मॅनेजर म्हणाले. "पण ट्रक थांबणार नाही. ढीग ट्रकमध्ये चढवा. जागा मोकळी झाली की सापडेल तुमचा... तो. आणि इथे सही करा."

"तपासल्याशिवाय?"

"तुम्ही बेडूक तपासताय. दोन्ही कसं होणार?"

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सासूबाई दवाखान्यातून निघाल्या असणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा तपासनिसानं एकाही बैठकीला बोट न लावता 'तपासले, योग्य' या शब्दांखाली सही केली. सही वाकडी आली.

खुर्च्या भराभर चढू लागल्या. दोनशे नऊ, दोनशे दहा, दोनशे अकरा. शेवटची उचलली आणि खाली टुण्या बसला होता. नळी पायातून निसटून बाजूला पडली होती. तो धुळीनं पांढरा झाला होता आणि त्याचा गळा धपापत होता. कुणीतरी पाणी शिंपडलं. तपासनिसानं त्याला दोन्ही हातांनी उचलून फरशीवर ठेवलं आणि तर्जनी टेकवली.

टुण्या डुगडुगला.

"पास!" तपासनीस ओरडला, आणि रंगाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सहाला पाच कमी असताना तो घरी पोचला. सहाला सासूबाई आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी, लेकीचा हात धरून. चप्पल काढायच्या आधी त्यांनी हात पुढे केला. टुण्या तळव्यावर आला. त्यांनी अंगठ्यानं त्याचा आखूड पाय चाचपला आणि मान हलवली. मग पोट चाचपलं.

"एकच्या अळ्या दिल्या नाहीत तुम्ही. चारच्याही नाहीत."

"आई, आज काय काय झालं याची तुम्हाला कल्पना—"

"पोट खपाटीला गेलंय, हाताला कळतं मला."

"अगं आई, आणला ना त्यांनी जिवंत," लेक म्हणाली.

"आणला, नाही कोण म्हणतंय?" सासूबाई खुर्चीत टेकल्या. "दुसऱ्या डोळ्याच्या वेळी जरा लक्ष द्या म्हणावं."

तपासनिसाला इतका राग आला, की तो तडक आत गेला, चिमटा आणि अळ्या घेऊन आला, उकिडवा बसला आणि टुण्याच्या डाव्या अंगाला अळी धरून म्हणाला, "आ कर."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात पार पडलं. त्या दोनशे बारा खुर्च्यांचं मात्र तपासनिसानं कुणाला सांगितलं नाही. तपासून पाठवलेल्या दर खेपेतल्या पाच-सहा खुर्च्या डुगडुगतात म्हणून परत येतात, तशा याही येतील म्हणून तो रोज सकाळी तक्रारींचं टपाल स्वतः उघडत असे. याला आता आठ महिने झाले. त्यांतली एकही खुर्ची परत आलेली नाही.