परबांच्या दारामागच्या पिशव्या

परबकाकांच्या घरातलं कुणी दूध आणायला जरी खाली उतरलं, तरी आतून काकांचा आवाज येतो, "पिशवी घेतलंस काय?"

ही पिशवी दुधाची नव्हे, आपत्तीची. भूकंप, आग, पूर, गॅसगळती, जे काय यायचं असेल ते आलं की खांद्याला अडकवायची आणि पळायचं. दुधाला जाताना ती कशाला, असं विचारायची सोय नाही. मी शेजारात नवीन होते तेव्हा विचारून बसले. "मनीषा," काका म्हणाले, "सांगून येता तो पावणो. आपत्ती सांगून येणा नाय." त्यानंतर माझा चहा संपेपर्यंत मला मार्गदर्शन झालं, आणि काकूंनी मधे दुसरा चहा टाकला.

चारकोपला आमच्या सेक्टरमधे त्यांची इमारत आणि आमची इमारत समोरासमोर. गेट एक, वॉचमन एक, पाण्यावरून भांडणंही एकत्रच. काका मरोळच्या एका रंगाच्या कंपनीत सेफ्टीला होते. म्हणजे महिन्यातून एकदा शिट्टी वाजवायची आणि सगळ्या कामगारांना पटांगणात उभं करून मोजायचं. निवृत्त झाल्यावर कंपनीने शाल-नारळ दिला, शिट्टी काकांनी आपली आपण घेतली. आता मोजायला माणसं हवीत म्हटल्यावर घरचीच सापडली. बायको सुलभाकाकू, मुलगा नितीन, सून श्वेता आणि नात आर्या.

दाराच्या मागे एका ओळीत खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एकेक निळी पिशवी. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शिलाईवाल्याकडून काकांनी त्या ताडपत्रीच्या शिवून घेतल्या. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नावं, रिक्षाच्या मागे असतात तशा अक्षरांत. बॅटरी, दोरी, मेणबत्ती, औषधं, पाणी, बिस्किटं हा माल सगळ्यांना समान. मग ज्याचं त्याचं. काकूंच्या पिशवीत जास्तीचा चष्मा आणि मिसरी. आर्याच्या पिशवीत रंगखडू. नितीनच्या पिशवीत इस्त्रीचा शर्ट आणि टाय.

"काका, बिल्डिंग पडल्यावर टाय कशाला?"

"आपत्तीनंतर सोमवार येताच ना?" काका म्हणाले.

सगळ्यांत शेवटच्या खुंटीला आणखी एक पिशवी होती. तिच्यावर नाव नव्हतं. ही कुणाची विचारलं की काका म्हणायचे, "जादा." कंपनीत जादा हेल्मेट असायचं, तशी जादा पिशवी. मीही मान डोलावली. पण एकदा काका सगळ्या पिशव्या उन्हात पसरून बसलेले असताना माझं लक्ष गेलं. जादा पिशवीत एक शर्ट होता, चट्ट्यापट्ट्यांचा. शेव्हिंगचं सामान होतं. वाचायचा चष्मा होता आणि पित्ताच्या गोळ्या होत्या. आता बेवारशी माणसाला चष्म्याचा कुठला नंबर आहे हे काकांना कसं कळलं? पण मनात आलं, या घरात टाय चालतो तर पित्ताच्या गोळ्यांनीच काय घोडं मारलंय!

ड्रिल दर संकष्टीला. कारण संकष्टीला सगळे घरी असतात आणि चंद्र उगवेपर्यंत कुणाला काही काम नसतं, असं काकांचं म्हणणं. काम नसतं ते काकांना. काकू त्या वेळी मोदक वळत असतात. पण शिट्टी वाजली की पिठाच्या हाताने उठायचं, पिशवी घ्यायची, जिन्याने उतरायचं आणि खाली गणपतीच्या मंडपाच्या जागेवर ओळीत उभं राहायचं. लहान आर्या आधी, काका शेवटी.

पहिल्या ड्रिलची गोष्ट सगळा सेक्टर अजून सांगतो. सगळी मंडळी झकास खाली उतरली. काकांनी मोजली. भरली. काका खूश. काकू म्हणाल्या, "चला आता, मोदक उकडूक ठेवचे आसत." वर गेले, तर दार लॅचचं, आपोआप लागलेलं, आणि चावी आत. पिशव्यांमधे दोरी होती, मेणबत्ती होती, साप चावला तर बांधायची पट्टी होती. चावी एकातही नव्हती. चावीवाला मिळेपर्यंत चंद्र उगवून चांगला डोक्यावर आला, आणि परब कुटुंबाने संकष्टी सोडली ती आपत्तीच्या बिस्किटांवर, आमच्या जिन्यात बसून. काकू महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी काकांनी प्रत्येक पिशवीत घराची एकेक चावी घातली. जादा पिशवीतही.

"जादाला चावी कशाला?" मी विचारलं.

"तुका लय प्रश्न पडतत गो," काका म्हणाले आणि विषय संपला.

घरच्यांनी या पिशव्यांचा कधी मान ठेवला म्हणाल, तर नाव नको. श्वेता ऑफिसला उशीर झाला की आपल्या पिशवीतला पॉवर बँक उचलून पळायची. आर्याने रंगखडू वापरून संपवले. आणि काकू! पाहुणे आले आणि घरात काही नसलं की त्या सरळ दारामागे हात घालून बिस्किटांचा पुडा काढायच्या. "काकू, काका ओरडतील." "ओरडूदेत. पावणे इले ती पण आपत्तीच." पण एक गोष्ट मी पाहिली. काकू सगळ्यांच्या पिशव्यांतून चोरी करायच्या, स्वतःच्याही, पण जादा पिशवीला कधी हात लावला नाही त्यांनी. एकदा पाहुणे दारात आणि बाकी सगळ्या पिशव्यांतले पुडे संपलेले, तरी नाही.

मग एकदा खरंच आपत्ती आली. खालच्या मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट होऊन काळा धूर जिन्यात शिरला. वाट लागली सगळ्यांची. "पळा पळा" झालं आणि त्यांच्या इमारतीतली माणसं भराभर खाली आली. त्यात परब मंडळीही आली. इतक्या संकष्ट्या ड्रिल करून, हात हलवत! नितीन हाफपँटमधे, श्वेता ओल्या केसांनी, काकू हातात लाटणं घेऊन. धूर निवळत आला तेव्हा सगळ्यांच्या मागून काका उतरले. गळ्यात, खांद्यांवर, दोन्ही हातांत मिळून सगळ्या पिशव्या. लग्नाच्या वऱ्हाडाचा हमाल निघावा तसे. शिट्टी तोंडात तशीच राहिलेली.

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. काकांनी पिशव्या जमिनीवर टाकल्या आणि नितीनवर असे काही कडाडले की आमचा वॉचमनसुद्धा उठून उभा राहिला. "अंगावरच्या कपड्यानी भायर पडलंस? अंगावरच्या कपड्यानी? या घरातला माणूस परत कधी असा जावचा नाय म्हणून सांगितलंय ना मी?" त्यांचे डोळे लाल होते. आम्ही म्हटलं, धुराने.

हे सगळं आठवायचं कारण, त्यानंतर त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, सह्या झाल्या, आणि शेवटी घरं रिकामी करायची वेळ आली. सगळा सेक्टर म्हणाला, परबांचं काय, ते शिट्टी वाजवून पाच मिनिटांत बाहेर. आणि झालं भलतंच. वरचे गेले, खालचे गेले, तळमजल्यावरची अंथरुणाला खिळलेली आजीसुद्धा खुर्चीत बसून गेली. परबकाका हलेनात. नितीनने गोरेगावला भाड्याचं घर बघितलं, सामान बांधलं, काकूंनी देवसुद्धा डब्यात ठेवले. काका दारामागच्या पिशव्यांखाली खुर्ची टाकून बसलेले. कमिटीवाले आले, समजावून गेले, मग ओरडून गेले. एका माणसापायी सगळ्यांची घरं अडली होती. पूर्वी हसत "परबकाका" म्हणणारे आता "तो म्हातारा" म्हणायला लागले. ते काकांच्या कानावर जात होतं, तरी ते बसूनच.

काकू माझ्याकडे आल्या. "तू बोल गो त्यांच्याशी. तुझ्याशी बोलतत ते. माझ्याच्यान ह्या विषयावर बोलवत नाय."

मी गेले. जाताना ठरवलंच होतं की चांगलं झापायचं. "काका, हद्द झाली हां. आयुष्यभर आम्हाला पळायला शिकवलंत, आता पळायची वेळ आली तर तुम्हीच बसून? काय भानगड काय आहे?"

काकांनी उठून शेवटच्या खुंटीवरची जादा पिशवी काढून मांडीवर घेतली. तिच्या ताडपत्रीवरून हात फिरवत बसले.

"सूर्यकांताची," म्हणाले. "माझो धाकटो भाव."

चंद्रकांत परबांना सूर्यकांत नावाचा भाऊ आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. काका हळूहळू सांगत गेले. गिरणी बंद पडल्यावर वडील सगळ्यांना घेऊन इथे आले, तेव्हा हा सेक्टर नवा होता. सूर्यकांत दोन वर्षांनी धाकटा, हातात कला, पण नोकरीत टिकायचा नाही. एका दुपारी जेवताना वडिलांचं आणि त्याचं जुंपलं. वडील म्हणाले, चालता हो. तो ताटावरून उठला आणि चालता झाला. अंगात बनियन, पायात स्लिपर, खिशात दमडी नाही.

"मी थंयसरच जेवत होतंय," काका म्हणाले. "आईक म्हटलं, भात निवायच्या आत येतलो परत. खाली पानवाल्याकडे जावन बसलो असतलो. म्हणून उठूक नाय मी. जेवत ऱ्हवलंय."

तो आला नाही. शोधलं, पोलिसांत तक्रार दिली, गावाकडे माणसं पाठवली, पेपरात फोटो दिला. वडील गेले, आई गेली. काका याच घरात राहिले. लग्न झालं, मुलगा झाला, मोठं घर घ्यायची संधी आली तरी सोडली.

"त्याका फक्त हो पत्तो म्हायत आसा, मनीषा. हयसर खड्डो मारल्यावर तो येतलो खंय?"

मी झापायला आले होते. ते राहूनच गेलं. त्या क्षणी मला सगळ्या पिशव्यांचा अर्थ लागला. भूकंप नाही आणि पूर नाही. या घरातलं माणूस पुन्हा रिकाम्या हाताने बाहेर पडणं, एवढीच काकांची आपत्ती. आणि आम्ही त्यांना बघून हसत होतो.

"काका," मी म्हटलं, "आमची इमारत कुठे जात नाहीये. गेट तेच आहे, वॉचमन तोच आहे. कुणी परबांना विचारत आलं तर तो आमच्याकडेच पाठवणार ना? द्या ती पिशवी. माझ्या दारामागे राहू दे."

काका म्हणाले, "तुमच्या दारामागे खुंटी नाय."

"बसवू."

"तुमच्याच्यान सरळ बसाची नाय. मी बसवतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवली. परब कुटुंब आपापली पिशवी अडकवून जिन्याने उतरलं, आर्या आधी, काका शेवटी, आणि मंडपाच्या जागेवर ओळीत उभं राहिलं. एकही माणूस पिशवी विसरला नव्हता. काकांनी मोजलं. मग हातोडी, खुंटी आणि जादा पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले. खुंटी ठोकली. पिशवीतली जुनी चावी काढून खिशात टाकली आणि गोरेगावच्या घराची नवी चावी आत घातली.

"इलो तर आधी जेवूक घाल. खंय होतंस, काय करत होतंस, काय एक विचारू नको. जेवान झाल्यावर पिशवी दी."

"हो. पण काका, आला की आधी तुम्हाला फोन करते. की त्यालाच करायला लावू?"

"जेवान झाल्यावर कर," काका म्हणाले. "आणि घरात दोन घास जादा ठेवीत जा. सांगून येता तो पावणो. घरचो माणूस काय सांगून येता?"

समोर आता नुसता खड्डा आहे आणि पत्र्याचं कुंपण. हल्ली न सांगता कुणी बेल वाजवली की दार उघडायच्या आधी माझी नजर पिशवीकडे जाते. आमच्या घरी रोज एक वाटी भात जास्त होतो, आणि माझा नवरा काही म्हणत नाही.

काका गोरेगावहून दर संकष्टीला येतात, तपासणीला. मागच्या संकष्टीला आले ते जिना चढताना थांबत थांबत. बिस्किटांची तारीख बघून मला बोलले. पिशवीतला शर्ट काढून त्याहून मोठ्या मापाचा ठेवला, कारण सूर्यकांतचं पोट आता सुटलं असणार. मग खिशातून गुडघ्याला घालायच्या पट्ट्यांची कोरी जोडी काढली आणि पिशवीच्या तळाशी नीट घडी करून ठेवली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"माझे गुडघे दोन वर्षांमागे दुखूक लागले," काका म्हणाले. "त्याचे आता लागले असतले."