अंतराळ सेनेचे बारा कसरती सूट

"आकाशात नेऊ देत नाहीतर पाताळात, माझी शिवण उसवायची नाही!" असं म्हणून मास्तरांनी कात्री अशी काही वाजवली, की टेबलावरचं कापडसुद्धा जरा सावरून बसलं असेल!

आणि मंडळी, ही बढाई मास्तरांना शोभत होती बरं का! शिंपी म्हणावा तर असा. सगळं जग बटण दाबायच्या यंत्रांवर गेलं, तरी चाळीस वर्षं यांचा पाय आपला मशीनच्या पायडलवर. काम असं, की टाका कुठे संपला नि कापड कुठे सुरू झालं, हे देवालाही चष्मा लावून शोधावं लागेल!

अंतराळ सेनेनं चंद्रावरच्या छावणीतल्या जवानांसाठी कसरतीचे सूट करायला काढले होते. एका स्वयंचलित कारखान्याचे नमुने आले नि नापास झाले. तेव्हा कुणीतरी मास्तरांचं नाव सुचवलं. बारा सूट शिवायचे, मैदानावर जवानांच्या अंगावर दाखवायचे. पसंत पडले तर आख्ख्या सेनेचं काम मास्तरांच्या हाती. नाही तर पुन्हा कारखाना, आणि मास्तरांची शिवण जमिनीवरच राहणार.

कापड आलं. रुपेरी, हलकं, हातात घेतलं तर पाण्यासारखं. सोबत सूचनांचा भलामोठा कागद. मास्तरांनी कागद बोटांनी चाचपला. जाड, गुळगुळीत, सुरकुती नाही.

"वा! गळ्याच्या नमुन्याला झकास!"

आणि कचाकच कात्री चालवली. शिंप्याच्या हाती कोरा कागद काय नि छापलेला काय! त्या कागदावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, की हे कापड पहिल्यांदा ज्याच्या अंगावर चढेल त्याच्या हालचाली पाठ करतं आणि पुढे दुसऱ्याकडून त्याच करून घेतं. म्हणून ते पहिल्यांदा कसरतपटूनंच घालावं. नेमकी ती ओळ गळ्यात गेली!

आता मास्तरांचा एक नेम होता. स्वतः दिवसभर घालून काम केल्याशिवाय कुठलाही कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. मग काय! पहिला सूट अंगात घालून त्यांनी दुसरा शिवला, दुसरा घालून तिसरा. माप सहाफुटी जवानांचं आणि आत आपले सव्वापाच फुटांचे मास्तर!

"अहो, तुमचा हात कुठाय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"येतोय, येतोय! बाहीत वाटेवर आहे!"

चाचणीचा दिवस उजाडला. मैदानावर बारा जवान ओळीनं उभे. काय ते रूप! अंधारात बारा समया एकदम उजळाव्यात तसे सूट झळकत होते. सेनापतीबाई कडक. त्या हसल्याचं म्हणे कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनीही मान डोलावली. मास्तरांची छाती बनियनमध्ये मावेना.

शिट्टी झाली. "पळा!"

बाराही जवानांनी आधी पायानं जमिनीवर चपला चाचपल्या. मग कमरेवर डावा हात ठेवून, "हुश्श" करून, वाकून चालायला लागले. तुरुतुरु!

"हा काय चावटपणा!" सेनापतीबाई कडाडल्या.

"मॅडम, मी नाही! कपडा चालवतोय!" पहिला जवान ओरडला.

"लांब उडी!"

बाराजण धापा टाकत रेघेपाशी आले आणि जागच्या जागी नसलेल्या खुर्चीवर बसले. बसले ते बसलेच! पाय खालीवर, खालीवर, खालीवर. एकानं नसलेला चष्मा पुसला. दुसऱ्यानं नसलेला दोरा जिभेवर ओला करून, एक डोळा मिटून, नसलेल्या सुईत ओवला. तिसऱ्यानं तर सेनापतीबाईंच्या खांद्यापासून मनगटापर्यंत वीत टाकून माप घेतलं!

मास्तरांना घाम फुटला. पण मास्तरीणबाई एकटक बघत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी हे सगळं पाठमोरं पाहिलं होतं. आज बारा जणांत समोरून दिसलं.

"अहो, हे तर तुम्ही!" त्या पुटपुटल्या. "किती मन लावून करता हो!"

झालं! भांडं फुटलं. मास्तर हात जोडून पुढे आले नि कागदापासून नेमापर्यंत सगळं सांगून टाकलं. "माझीच चूक, बाईसाहेब. सूट परत नेतो."

सेनापतीबाईंनी एका जवानाची काख तपासली, मांडी ताणून पाहिली. "इतकं होऊन एकही टाका हलला नाही?"

"तो कशाला हलेल?" मास्तर पडेल आवाजातही म्हणाले.

"ऐका मास्तर. कारखान्याचे सूट नियमाप्रमाणे आमच्या जवानांनीच आधी घातले होते. ते सूट काय शिकले ठाऊक आहे? शिट्टी झाली की बुटाची नाडी बांधायला वाकायचं!" बाराही जवानांनी माना खाली घातल्या. "कपड्याला अंगचोरपणासुद्धा कळतो. मला जीव ओतून राबणारा माणूस हवा होता, तो आज बारा ठिकाणी दिसला. काम तुमचं!"

मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मास्तरीणबाईंनी वर आभाळाकडे बघून नमस्कार केला.

"मात्र सूट आधी तुम्हीच घालायचे," सेनापतीबाई म्हणाल्या. "आणि त्यांना शिवणकाम नाही, कसरत शिकवायची. म्हणजे पहिल्यांदा तुम्ही शिका. उद्या सकाळी साडेपाचला आमचे उस्ताद न्यायला येतील."

"कुणाला? मला?"

उस्ताद आले. कपाटाला मिशा फुटाव्यात तसा माणूस! "मैदानाला चार फेऱ्या, मास्तर! चला!"

मास्तर खरोखरच जीव ओतून पळाले. अर्ध्या फेरीत तो सगळा ओतून संपला, आणि त्यांनी गवतात बसकण मारली.

"काय झालं?" उस्तादांनी विचारलं.

मास्तरांनी डोळे बारीक करून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"उस्ताद, फार ढगळ झालंय हो हे. दोन्ही बाजूंनी जरा आत घ्या!"