फाटकावरचा तिसरा

केळशीकरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी मोजतात. "बसा" म्हटलं तरी उभ्याउभ्या खुर्च्या मोजून घेतात, मग टेकतात. आम्हा मराठी मंडळींच्या गणपतीत एकदा अध्यक्षांनी माईकवरून मोदकांचा आकडा जाहीर केला. हे गृहस्थ तडक आत जाऊन ताटं बघून आले आणि ऐन आरतीच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाले, "कागदावर किती, जागेवर किती?" कमी पडलेले मोदक अध्यक्षांच्याच डब्यात निघाले. पुढच्या वर्षीपासून आकडा जाहीर करायची पद्धतच बंद झाली.

काका जन्मले कोलकात्यात आणि नोकरी केली हावड्याच्या कारखान्यात, मालाच्या तपासणीची. आयुष्यभर गोदामात पेट्या मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही राहिना, तेव्हा मालूकाकू त्यांना घरातले डबे लावायला बसवायच्या. पुढे काकू गेल्या. मुलगा कॅनडात. दमदमच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काका एकटेच राहू लागले. मी नोकरीपायी नाशिकहून इथे आलेली, त्यांच्या खालच्या मजल्यावर. माझी मुलगी रेवा कोपऱ्यावरच्या शाळेत जाते, आणि काकांनी नेमकी तीच शाळा धरली.

त्याचं असं झालं. शाळेत रोज किती सुरक्षारक्षक हजर आहेत ते पालकांना दिसेल असं जाहीर करा, असा वरून फतवा आला. शाळेने फाटकावर छान फळा लावला आणि खडूने लिहिलं: "आज हजर सुरक्षारक्षक: पाच". आम्ही पालकांनी फळ्याचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले, एकमेकांना अंगठे दाखवले. फाटकाकडे मात्र एकानेही मान वळवून पाहिलं नाही. मीही नाही. तिथे गुडघा धरून बसलेले निमाईदा आणि गणवेशाची बाही दुमडून चहा पिणारी शेफाली, एवढेच दोन रक्षक होते.

काकांना मी हे गमतीने सांगितलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी हजर. आठवडाभरात त्यांनी पाचांचा पंचनामा केला. एक होता शाळेचा माळी. त्याला निळा शर्ट आणि शिटी दिली होती, आणि शिटी तो कबुतरं उडवायला वापरत होता. दुसरा दुर्गापूजेच्या सुट्टीत गावी गेला तो परतलाच नव्हता. काकांनी ऑफिसात विचारलं, तर कारकून शांतपणे म्हणाला की माणूस गेला आहे, पद हजर आहे. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणे.

मग अर्ज सुरू झाले. फळ्यावरचे पाच चार झाले, चाराचे तीन झाले. दरम्यान काका फाटकापाशी उभे होतेच. नुसतं उभं राहवेना, म्हणून अनोळखी माणसाला अडवून तू कुणाचा बाप ते विचारू लागले. आडव्या येणाऱ्या टोटोवाल्यांना, म्हणजे इथल्या ई-रिक्षावाल्यांना, दटावू लागले. पहिलीच्या पोरांच्या बुटाच्या नाड्या बांधू लागले, त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून देऊ लागले. पोरं त्यांना दादू म्हणायची, आजोबा या अर्थाने. काका त्यांच्यावर खेकसायचे आणि घंटा झाल्यावरही आत गेलेल्या पोरांकडे बघत थांबायचे.

पण फळ्यावर तीन, आणि जागेवर दोन. हा तिसरा कोण, या प्रश्नाने काका अगदी पेटले. पालकसभेत त्यांनी बडदींना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भर सभेत विचारलं की तिसरा माणूस आत्ताच्या आत्ता उभा करून दाखवा. त्यांचा तिथे नातू ना नात, पण त्यांना सभेला येऊ नका म्हणायची कुणाची छाती?

बडदींनी पेन खाली ठेवलं.

"तिसरे तुम्ही," त्या म्हणाल्या. "रोज फाटकावर कोण असतं? लोकांना कोण अडवतं? मुलांना रस्ता कोण ओलांडून देतं?"

सभेत हशा झाला. बडदी हसल्या नाहीत. "तुमचा आग्रह असेल तर आत्ता दोन लिहिते," त्या म्हणाल्या. "पण मग नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाला फाटकापाशी थांबता येणार नाही. तुम्हालाही नाही."

काय पक्की बाई! पगाराचा छदामही न देता रक्षक मिळवला, वर नियम दाखवला. आता काका हिची चांगली हजेरी घेणार म्हणून आम्ही सगळे सरसावून बसलो. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझी हजेरी रोज लागेल?" त्यांनी विचारलं.

"लागेल."

"मग तीन बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मागून एक बाप पुटपुटला की म्हातारा फुटला. माझं डोकंच फिरलं. मी वळून त्याला म्हटलं, उद्यापासून तुम्ही येऊन उभे राहा, आपण चार लिहायला सांगू. त्याने लगेच मोबाइलमध्ये तोंड घातलं.

परवा सकाळी काकांचा फोन आला. ताप भरला होता. मी वर येते म्हटलं, तर ते राहू दे म्हणाले. "आधी बडदींना सांग, आज दोन लिहायचं. तीन राहिलं तर खोटं होईल." रेवाला शाळेत सोडताना मी निरोप दिला. बडदींनी स्वतः येऊन तीन पुसलं आणि दोन लिहिलं.

दुपारी ऑफिसातून मी त्यांना फोन केला. औषध घेतलंत का विचारलं. आकडा बदलला का, ते आधी सांग म्हणाले. बदलला, म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले, आणि मग हळूच, "कुणी विचारलं का गं?"

मी सांगितलं की निमाईदांनी विचारलं. शेफालीने दोनदा विचारलं. पहिलीची पोरं रस्ता ओलांडेनात, दादू आल्याशिवाय येणार नाही म्हणून पलीकडे दप्तरं घेऊन उभी राहिली, शेवटी बडदी त्यांना आणायला गेल्या. आणि आमची रेवा रडली. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नव्हतं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं, काका रडत होते. मीटिंगची वेळ झाली होती, तरी मी फोन कानाला धरून बसून राहिले.