वाघ्याच्या नावची मेंढी

आमच्या शेजारच्या गेनभाऊंकडे बारा मेंढ्या आहेत. म्हणजे अकरा त्यांच्या आणि एक त्यांच्या कुत्र्याची. पाठीवर गेरूचा पट्टा ओढलेली ती मेंढी वाघ्याच्या नावची. तिची कोकरं विकून जे येईल ते वाघ्याच्या दवापाण्याला. घरी पाहुणे आले, मटणाचा बेत निघाला, तरी तिच्याकडे कुणी बघायचं नाही. "ती आपली न्हाय. मालक भाइर बसलाय, त्याला इचारा," असं गेनभाऊ अगदी गंभीरपणे सांगतात.

मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा वाडवडिलांचा धंदा आता राहिला नाही. इथं निमगाव सावा गावात दोन एकरांत कांदा काढतात. मुलगा-सून चाकणला, घरी हे आणि वाघ्या. पण जुनी मापं सुटलेली नाहीत. औषधाचा खर्च ते रुपयांत सांगतच नाहीत. कुत्र्याची लस म्हणजे "कोकराचा एक कान". मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण हे कोष्टक पाठ व्हायला मला वेळ लागला.

मागच्या उन्हाळ्यात वाघ्याच्या पुढच्या पायाच्या बगलेत गाठ आली. तो लंगडायला लागला आणि गेनभाऊंचं अन्नपाणी तुटलं. गाठ काढायला हवी होती, पण कुणाच्या हातून?

"डॉक्टर पारखून घ्यावा लागंल, गुरुजी. तुमी चला."

मला कुत्र्यांचं काडीचं प्रेम नाही, पण स्कूटर माझ्याकडे. वाघ्या आमच्या दोघांच्या मधे बसायचा आणि माझ्या खांद्यावर लाळ गाळायचा.

पहिला डॉक्टर गाठ चाचपताना मोबाईलवर बोलत होता. गेनभाऊंनी वाघ्याला उचललं आणि सरळ बाहेर. "गाठ हिकडं, ध्यान तिकडं. जमायचं न्हाय. तुमाला कसा वाटला?" "मलाही नाही पटला," मी म्हणालो. दुसरा बिचारा भला माणूस. त्यानं कागदावर लिहायला म्हणून फक्त विचारलं, "जात कोणती?" गेनभाऊ ताडकन उठले.

"दवाखान्यात दुखणं इचारायचं का जात?"

अहो, कुत्र्यांमध्येही जाती असतात, असं मी परतीच्या रस्त्याभर समजावत होतो. "मंग तर लईच वंगाळ," ते म्हणाले.

तिसऱ्या, मंचरच्या डॉक्टरीणबाई. त्या वाघ्याला टेबलावर घ्या म्हणाल्याच नाहीत. स्वतःच फरशीवर बसल्या, त्याला हात हुंगू दिला आणि विचारलं, "घरी काय म्हणतात याला?" वाघ्यानं दुखरा पाय आपणहून पुढे केला. गेनभाऊ मात्र वाघ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"तुमाला कशा वाटल्या?"

"मी आजारी पडलो तर मलाही इथंच आणा," मी म्हणालो. ते समाधानानं हसले. ऑपरेशनचा खर्च दीड कोकरू निघाला, तोही त्यांना स्वस्त वाटला.

गाठ साधीच निघाली. टाके काढायला गेलो तेव्हा वाघ्या दवाखान्यात शेपूट हलवत शिरला. आता दर वर्षीच्या लसीचं कार्ड करून ठेवू, असं म्हणून बाईंनी पेन काढलं. "मालकाचं नाव?"

गेनभाऊंनी माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

"अहो, कुत्रं तुमचं आहे," मी म्हणालो.

"हाये की." बिबट्याच्या भीतीनं घातलेला खिळ्यांचा पट्टा ते वाघ्याच्या गळ्यात पुन्हा बांधत होते. "पर त्याला अजून सात-आठ वर्सं हायेत, गुरुजी. माझं काय सांगावं? पोराच्या फ्लॅटवर कुत्रं चालत न्हाय. म्हून म्हणलं, तुमाला पटंल असा डॉक्टर आधीच बघून ठिवावा."

मला एकदम भरून आलं. माझे दोन शर्ट घालवणाऱ्या त्या कुत्र्यासाठी नव्हे, गेनभाऊंसाठी, हे मला तेव्हाच कळलं.

"मोबाईल नंबर?" बाईंनी विचारलं.

गेनभाऊ मान खाली घालून पट्ट्याच्या बकलाशी खटपट करत राहिले. मी माझा नंबर सांगितला. बाईंनी एक आकडा चुकीचा लिहिला, तो दुरुस्त करून घेतला.