भरल्याशिवाय सुटत नाही

कमलनगरच्या जीप-स्टँडवर धनराजच्या शब्दाला मोठा मान होता. कोणाला गाडी घ्यायची असली की लोक आधी त्याला सोबत नेत, आणि तो बॉनेटवर हात ठेवूनच गाडीचं भविष्य सांगे. आता धरणावर बोटफेऱ्यांचा परवाना त्याला स्वतःलाच मिळाला होता, आणि दुकानदार सोमशेखरनं ट्रेलरवरून दोन मोटरबोटी काठावर आणल्या होत्या. एक लहान, सहा जणांची, खालून नांगराच्या फाळासारखी निमुळती. दुसरी चांगली ऐसपैस, सपाट तळाची. अडचण होती ती आईची. नागूबाई स्वतः बसून हो म्हणाल्याशिवाय त्या घरात गाडी येत नसे, आणि पाण्याची तर तिला भयंकर भीती.

"ल्हानी घ्यायची," धनराज म्हणाला. "पानी कापीत जाती. ती मोठी नुस्ती परात हाय."

"पन काठाला पानी गुडघाभर बी न्हाई," बायको स्नेहा म्हणाली. "सपाट तळाची कुटूनबी निघंल."

"तू कामून मधी बोलायलीस? गाड्या मी वळखतो."

लहान बोट काठच्या पाण्यात उतरली. नागूबाई जाकीट चढवून पुढच्या सीटवर बसली, दांडी घट्ट धरली, कानावर पदर ओढला आणि डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला.

"अण्णा, पैलं खोल पान्यात न्या, मग मानसं चढवा," सोमशेखर म्हणाला.

"मोकळ्या गाडीत कोन बसतंय?" धनराज हसला. स्टँडवरची रीत त्याच्या अंगात मुरलेली. त्यानं आपलेच दोन मेव्हणे आणि एक चुलता प्रवासी म्हणून बसवले आणि हाळी दिली, "चला, एकच सीट, एकच सीट." धरण बघायला आलेली माणसं खरंच धावली. सहाच्या जागी नऊ झाले. माणूस चढेल तशी बोट चिखलात उतरत गेली.

धनराजनं मोटर सुरू केली. मागं काळा चिखल उडाला, सोमशेखरचा पांढरा शर्ट रंगला, आणि बोट जागची हलली नाही.

"जरा उतरा बरं, धक्का मारू."

कोणी उतरेना. उतरलं की जागा जाते, हे जीपनं फिरणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मेव्हणेसुद्धा ठाण मांडून बसले.

तेवढ्यात स्नेहा सोमशेखरला घेऊन सपाट बोटीतून तरंगत आली. दोर बांधून ओढून पाहिलं. दोर तुटला, रुतलेली बोट आणखी कलली, आणि सपाट बोट मात्र झोकात मधोमध जाऊन वळसा घेऊन परत आली. धनराज बघतच राहिला. त्याचं मत पुरतं फिरलं. त्यानं मोटर बंद केली.

आवाज थांबला तसे नागूबाईनं डोळे उघडले. "आलाव का फिरून? लई ब्येस चालली रं. पोटातलं पानी हाललं न्हाई. हीच घे."

धनराजचा चेहरा पडला. आईचा हो एकदा झाला की फिरत नसे. एवढ्या लोकांसमोर आपली चूक कबूल करणं त्याच्या अगदी जिवावर आलं, पण इलाज नव्हता.

"माय," तो हळूच म्हणाला, "आजून निघालावच न्हाई. चिखलात रुतून बसलाव. ही न्हाई चालायची. ती मोठी घिऊ."

नागूबाईनं वाकून चिखल पाहिला. लांबवर पसरलेलं पाणी पाहिलं. मग लेकाकडं पाहिलं.

"मग तर हीच घे," ती म्हणाली. "बुडायचं भ्या न्हाई."