शिडाच्या नावेतून बारशाला

सांगलवाडीहून आकारामच्या सासऱ्याचं कार्ड आलं, त्यात आनंदाची ओळ एकच होती. ‘चि. शालूस मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप.’ बाकीचं सगळं कार्ड टोमण्यांनी भरलं होतं. बारसं बाराव्या दिवशी आहे. आत्याला घेऊन मुकाट्याने रेल्वेने या, त्या होडीच्या नादाला लागू नका. आत्या वेळेवर पोहोचली नाही, तर नाव आमच्या घरची बाई ठेवील, आणि ते हणमंत असेल. कळावे, हंबीरराव.

हणमंत हे नाव मारुतीरायाला शोभतं, याबद्दल आकारामची तक्रार नव्हती. पण त्याच्या पोराचं नाव सिंधुराजच असायला हवं होतं. कारण आकाराम आरमारात होता. म्हणजे लढाईची तीन वर्षं तो मुंबईच्या गोदीत, आरमाराच्या कोठारात वाटाण्याचे डबे रचत होता. समुद्रावर तो एकदाच गेला, आणि त्या दिवशी पोटात होतं-नव्हतं ते सगळं समुद्राला देऊन आला. हे उंब्रजमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. गाव त्याला ‘खलाशी’ म्हणे, आणि गावानेच म्हटल्यावर हळूहळू त्याचाही तसा समज झाला होता.

लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला एक तंबू त्याने पैदा केला होता. कृष्णेच्या घाटावर कित्येक वर्षं पालथी पडलेली जुनी नाव डांबर फासून सुलटी केली आणि तंबूचं शीड शिवायला रमजान शिंप्याला बसवलं. रमजान हाताला चांगला, पण डोक्याने काटकसरी. त्याने तंबूच्या दोन्ही खिडक्या शिडात तशाच ठेवल्या.

“आरं, त्यातनं वारा निघून जाईल की!” आकाराम म्हणाला.

“मग पडदं सोडा,” रमजान म्हणाला. “पडदं बी हायतच.”

या शिंप्यालाच आकारामने खलाशी नेमलं, कारण शीड वाटेत उसवलं तर टाके कोण घालणार? राहिली आत्या. राहीबाई आकारामची थोरली बहीण, अंगाने भरभक्कम आणि रीतीभातीला त्याहून पक्की.

“आक्का, नाव सिंधुराज ठेवायचं.”

“ठेवीन की. पर माजी येक अट हाय.”

“रेल्वेनं जायचं न्हाई, आधीच सांगतो.”

“रेल्वेचं नाव कोन काडतंय? रेल्वेच्या खिडकीतनं पावण्यांची गावं निस्ती पळत्यात. तुज्या नावंनंच चल. पर काठावरच्या येकाबी पावण्याला टाळायचं न्हाई. गावावरनं जायचं आन् तोंड दावायचं न्हाई, ही आपली रीत न्हवं.”

आकारामला हर्ष झाला. त्याला हेच हवं होतं. बोट म्हटली की तिला मुक्कामाला बंदर लागतं आणि बंदरात रसद लागते, एवढं आरमार तो कोठारात बसून नक्कीच शिकला होता. पावण्यांच्या गावात दोन्ही आयतंच मिळणार! त्याने वही काढली आणि ऐटीत लिहिलं: ‘कराड, आप्पासो. पाणी खोल, घाट पक्का, जेवण उत्तम. रेठरे, बनुबाई. काठ उतरता, ताक भरपूर. बहे, हरणाबाई मावशी. बेटाचा आडोसा, पुरणपोळी.’ बाळाच्या जन्माच्या चौथ्या दिवशी सकाळी नाव सुटली. दोन दिवसांत सांगलवाडी, असा त्याचा हिशेब होता.

कराडला आप्पासो घाटावर उभाच होता. तो आकारामचा आतेभाऊ. जेवणं झाली, आकाराम उठला, तर आप्पासो दारात आडवा झाला.

“राहीआक्का चार वर्सांनी दारात आली आन् लगीच चालली? गाव काय म्हनंल आमास्नी?”

गाव काही म्हणू नये म्हणून एक मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी आप्पासोची बायको म्हणाली, आज लेकबाळीला वाटेला लावायचा वार नाही. तो दिवसही गेला. सहाव्या दिवशी निघताना नावेत दोन गुळाच्या ढेपा आणि शेंगांचं एक पोतं येऊन पडलं. “बाळाच्या आत्याला रिकाम्या हातानं धाडत्यात व्हय?” आप्पासो म्हणाला. रसद मिळाली म्हणून आकाराम खूश होता. फक्त नाव चार बोटं खाली बसली होती आणि शिडाच्या खिडक्यांतून वारा सरळ सांगलीकडे पुढे निघून जात होता.

रेठऱ्याजवळ नावेच्या काठावरून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा त्याने विचार केला. ओझं कमी करायचं तर ते टाकून कसं देणार? गूळ म्हणजे लक्ष्मी. त्यापेक्षा कुणाला तरी द्यावा, म्हणजे मान राहील आणि नावही हलकी होईल. रेठऱ्याची बनुबाई राहीबाईची नणंद. तिच्या ओसरीवर त्याने दोन्ही ढेपा नेऊन ठेवल्या आणि सुटलो म्हणून घाम पुसला.

बनुबाईने ढेपांकडे बघितलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. दारात आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं, ही तिच्याही सासरची रीत होतीच. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळेला नावेत नव्या तांदळाची तीन पोती चढली आणि त्यांच्यावर एक बोकड उभा राहिला.

“बनुबाई, येवढं कशाला वो?” आकाराम काकुळतीला आला.

“तुमी दोन ढेपा दिलासा. आमी काय तुमच्यापरीस कमी हाय?”

बोकडाने पहिल्या तासातच शिडाचा एक पडदा खाल्ला. रमजान सुकाणू धरून बसला होता. त्याने दुसरा पडदा गुंडाळून बुडाखाली घेतला.

बहे आलं तेव्हा आठवा दिवस होता. आकारामने आता जास्त खोल विचार केला. गुळाच्या बदल्यात तांदूळ आला, कारण दोन्ही खायच्या वस्तू. तेव्हा हरणाबाई मावशीला बोकड द्यावा. म्हातारी एकटी, तिच्याकडे बोकडाच्या तोलाचं काय असणार? विचार चुकीचा नव्हता. मावशीने गोठ्यात बघितलं, तर खरोखरच बोकडाच्या तोलाचं काही नव्हतं. जे होतं ते त्याहून मोठं होतं.

“माज्या भाच्यानं बोकड आनला,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “मी काय म्हातारी म्हनून हात आकडता घिऊ? ही रेडी न्या बाळाला. दीड वर्साची हाय, गरीब हाय.”

“मावशे, नावंत रेडी?” आकारामचा आवाज चिरकला.

“आक्या!” राहीबाईने डोळे वटारले. “मावशीचा आपमान करतूस? घे म्हनत्ये ती रेडी!”

रेडी मध्यभागी उभी राहिली. ती हलली की नाव हले, आणि माशा बसल्यामुळे ती सारखी हलत होती. राहीबाई एका टोकाला, तिचा तोल सांभाळायला तांदूळ दुसऱ्या टोकाला. शीड फुगायचं सोडाच, ते आता नुसतं सावलीला होतं. वल्हं मारता मारता रमजान पहिल्यांदाच मनापासून बोलला.

“मालक, हात जोडतो. आता कुनालाबी कायबी देऊ नगा. तुमी दिलं की आपुन बुडतो.”

दहाव्या दिवशी संध्याकाळी भिलवडी लागली. तिथेही राहीबाईचे पावणे निघाले, म्हणून मुक्काम पडला. दोन दिवस उरले होते. आकारामला रात्रभर डोळ्यांपुढे पाळणा दिसत होता आणि पाळण्यावर वाकलेली हंबीररावाच्या घरची कुणीतरी बाई. आपल्या पहिल्या पोराचं नाव आपण बुडत्या नावेत बसून परक्याच्या तोंडून ऐकायचं, या कल्पनेने त्याला रडू यायचं बाकी होतं. शेवटी त्याने ठरवलं, की द्यायचंच नाही. द्यायचं नाही आणि न्यायचंही नाही. अकराव्या दिवशी दुपारी यजमानाचं सगळं घर जेवून आडवं झाल्यावर त्याने आणि रमजानने तांदळाची तीन पोती उतरवली, घाटाखालच्या बाभळीआड ठेवली, राहीबाईला उठवून नावेत बसवलं आणि चोरासारखे निघाले.

नाव इतकी छान चालली, की आकारामने आरमारातलं गाणं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात काठावरून आरडाओरडा ऐकू आला. भिलवडीचे पावणे बैलगाडी पिटाळत नदीच्या कडेकडेने येत होते. गाडीत तीन पोती होती.

“पावणंऽऽ! आवं, पोती इसरलासाऽऽ!”

“ठिवा तुमालाच!” आकाराम ओरडला, आणि ओरडल्याबरोबर त्याला आपली चूक कळली.

पावण्यांनी एकमेकांकडे बघितलं. दोघे जण परत पळत गेले. नाव काठाला घ्यावीच लागली, कारण राहीबाई उभी राहिली होती आणि ती उभी असताना नाव चालत नसे. तासाभराने तीन पोत्यांसोबत केळीचे सहा घड, दोन घागरी तूप आणि कोंबड्यांचं एक खुराडं आलं. सगळ्यांनी राहीबाईच्या पाया पडून डोळ्यांत पाणी आणलं.

बाराव्या दिवशी दुपारी सांगलवाडीचा घाट दिसला. दिसला, आणि नाव वाळूवर बसली. घाट हाकेच्या अंतरावर, नाव नदीच्या मधोमध, आणि रमजानने वल्ह्याने कितीही रेटलं तरी ती रेडीसारखीच हटेना. घाटावर गर्दी होती. आकारामने कपाळावर हात धरून बघितलं. त्या गर्दीत आप्पासो होता. बनुबाई होती. हरणाबाई मावशी एका दगडावर बसून पान खात होती. भिलवडीचे पावणेही सगळे होते.

“किती येळ लावलासा गड्या!” आप्पासो ओरडला. “आमी सकाळच्या रेल्वेनं आलो!”

बारशाचा मुहूर्त टळत चालला होता. घाटावरून हंबीरराव कमरेवर हात ठेवून नावेकडे, शिडाकडे आणि शिडाच्या उघड्या खिडक्यांकडे बघत होता. मग त्याने दोन गड्यांना इशारा केला. गड्यांनी गूळ शिजवायची मोठी काहील उताणी पाण्यात सोडली. पुराच्या दिवसांत कृष्णाकाठची माणसं याच काहिलीतून ये-जा करतात, आणि तिला ना शीड लागतं ना खलाशी. काहील गरगर फिरत नावेजवळ आली. पहिल्या खेपेला राहीबाई गेली. मग पोती गेली, केळी गेली, तूप गेलं, कोंबड्या गेल्या. रेडी पोहत गेली आणि सगळ्यांच्या आधी पोहोचली.

शेवटच्या खेपेला आकाराम आणि रमजान काहिलीत बसून सासुरवाडीला आले. तीन वर्षं आरमारात काढलेला माणूस गुळाच्या काहिलीतून उतरताना सगळं गाव बघत होतं. अंगणात पाळणा फुलांनी सजला होता, शालूबाई बाळाला घेऊन बसली होती आणि पाळण्याशेजारी आहेराचा डोंगर रचला होता. आपलाच तांदूळ ओळखून बनुबाईने पदर तोंडाला लावला.

हंबीरराव त्या डोंगराभोवती एक फेरी मारून आला. बारा दिवस ज्या जावयाची तो गावभर थट्टा करत होता, तो जावई असा आहेर घेऊन येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याने पटका सारखा केला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला.

“जावयबापू, मी तुमास्नी लय बोललो. चुकलं माजं. आमच्या सात पिढ्यांत आसा आहेर कुनी आनला न्हाई. माजा हट मी सोडला. पोराचं नाव तुमचंच. सिंधुराज!”

शालूबाईने हसून नवऱ्याकडे बघितलं. आकारामला नुसती मान डोलवायची होती. पण आठ दिवसांच्या पावणेरावण्यांनी त्याच्या जिभेला जे वळण लावलं होतं, ते मानेपेक्षा चपळ निघालं.

“छे छे, मामा! आसं कसं? तुमी वडीलधारी. तुमच्याच मनातलं नाव ठिवा की!”

एवढं बोलून तो निवांत उभा राहिला. आता मामा नको म्हणणार, नाव परत करणार, आणि वर आणखी काहीतरी देणार. फार जड काही नसलं म्हणजे मिळवली, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

हंबीररावाने क्षणभर त्याच्याकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “तुमची मर्जी.” आणि पाळण्याकडे वळून मोठ्याने ओरडला, “राहीबाई, हणमंत!”

राहीबाई पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात “कुर्र्र्” म्हणाली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सनई वाजली, घुगऱ्या वाटल्या गेल्या. शालूबाईचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं आणि ती आकारामकडे असं बघत होती, की त्याला नदीतली ती बसलेली नाव बरी वाटू लागली.

रमजान घुगऱ्यांचा द्रोण घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला.

“मालक,” तो चावता चावता म्हणाला, “उंब्रजपासनं तुमी येवढं वाटत आलासा. पर कुनी परत न करता ठिवून घेतलं, ते ह्ये पयलंच.”

आकारामने द्रोणातल्या घुगऱ्या उचलल्या आणि कुणी आणखी वाढायच्या आत तोंडात टाकल्या.