तातडीच्या दरवाजावरील बाकाची हकीकत

धन्वंतरीस नमस्कार, शिरेतल्या सुईस नमस्कार, केसपेपरास त्रिवार नमस्कार. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, माघ मासी एका राज्यातील सरकारी दवाखान्याच्या तातडीच्या दरवाजावर जे जाहले, ते डोळ्यांदेखत पाहिले तैसे लिहिते. पूर्वी या दरवाजास दार नव्हते, हिरवा पडदा होता, आणि सिस्टर येणाऱ्यास आधी पाणी देत आणि मग नाव पुसत. आता काचेचे दार आले आणि आधी आधारकार्ड पुसतात. असो. दारासमोर लाकडी बाक, आणि त्यावर दोन मातब्बर सरदार वहिवाटीने बसत. एक तानूआक्का बिरंजे, वय सत्तर, दमेकरी. दुसरे गणूअण्णा शेटे. यांचा रोग वैद्यांस ठाऊक नाही आणि अण्णांसही नाही, परंतु घरी कोणी बोलत नसे, सबब छाती धरून स्वारी वारंवार येई. दरवाजाचा रिवाज ऐसा की जो 'छाती' म्हणेल त्यास रांग माफ, तात्काळ खाटेवर घेऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढीत. आक्कांस मात्र खरोखरच वाफारा लागे. त्यांचा दम्याचा पंप महिना भरण्याआधीच सरे, आणि दुसरा मागावा तर ओपीडी गुरुवारीच, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. दमेकऱ्याने दम्याच्या औषधासाठी साठ पायऱ्या चढाव्या, ऐसी तजवीज थोर मुत्सद्द्यांनी केली होती.

मग नवे किल्लेदार आले, त्यांस अधीक्षक म्हणत, आणि तेच ते चेहरे बाकावर पाहून त्यांस कोप आला, आणि हुकूम सुटला की महिन्यात तीनदा आला त्यास चौथ्यांदा आत घेऊ नये. आणि सोमवारी आक्का चौथ्यांदा आल्या, छातीत शिट्टी वाजत होती, ओठ निळसर जाहले होते. पहारेकरी मारुती चौगुले आडवा राहून बोलिला, "आक्का, सायबांचा हुकूम हाय. गुरुवारी या."

"गुरुवारपत्तोर माझा श्वास तू घेतोस व्हय रं?"

अण्णा कानाशी लागले, "छाती म्हणा की! लगेच घेत्यात."

"खोटं बोलायलाबी वारा लागतो, अण्णा. तेवढा न्हाई."

इतक्यात हुकमाचा अंमल पाहण्यास खुद्द किल्लेदारांची स्वारी आली, आणि "ही तातडीची जागा आहे, विसाव्याची नव्हे" ऐसे भाषण मांडिले, आणि बोलता बोलता कपाळ पुसू लागले आणि जबडा चोळू लागले. आक्कांनी न्याहाळून पुसिले, "सायेब, काय हुतंय?"

"काही नाही. ॲसिडिटी. सकाळी मिसळ खाल्ली."

तेव्हा आक्का तुटक तुटक बोलिल्या, "मारुती, गाडा आण. हे खरं हाय. वीस वर्सं बाकावर बसलेय मी. ज्याला काय न्हाई, त्यो छाती म्हणतो, ह्ये अण्णा बघ. ज्याचं खरं, त्यो ॲसिडिटी म्हणतो."

मारुती हुकमाविना हलेना. मग अण्णांनी अपमान गिळिला आणि मुरलेल्या गळ्याने आरोळी दिली, "छाती! छाती!" आणि दार उघडून डॉक्टर धावले, आणि अण्णांस पाहून माघारी फिरू लागले, तो अण्णा ओरडले, "आज माझी न्हाई, सायबांची!" आणि किल्लेदार तेथेच खाली बसले. तेव्हा मारुतीने चाकांचा गाडा आणिला, किल्लेदारांस वर घालून आत नेला, आणि त्या गर्दीत गाड्यामागून आक्काही आत गेल्या, आणि सिस्टरने एक शब्द न पुसता वाफाऱ्याचा मास्क तोंडास लाविला. इकडे पट्टी काढिली तो झटका खरा. किल्लेदार बचावले.

मग हुकूम फिरला, आणि दम्याचा पंप दरवाजावरच, कोणत्याही वारी मिळू लागला. परंतु किल्लेदारांच्या मनी भय शिरले, आणि ढेकर आला की स्वारी दरवाजावर येऊ लागली. चैत्रात एके दुपारी हात छातीवर ठेवून, बहुत नम्र होऊन बोलिले, "छाती."

आक्का पंप घेऊन निघाल्या होत्या, त्यांनी वळून पाहिले. "छाती म्हणताय न्हवं? मग काय न्हाई. वाईच सरका, अण्णा, सायबास्नी बसू द्या."

येणेप्रमाणे दरवाजा राहिला, हुकूम गेला, आणि दोन सरदारांचे तीन जाहले. बाक तोच आहे, फक्त आता जरा दाटीने बसतात.